आजीच्या उंचीचा तंबू

संगमनेरला पुणे-नाशिक महामार्ग सोडला आणि अकोले गावाच्या रस्त्याला लागलो. अकोल्यापर्यंत प्रवरेच्या पाण्यावर पोसलेला ऊस सोबत होता. राजूर मागे पडलं तशी भाताची खाचरं सुरू झाली. मे सरत आलेला. खाचरांच्या कडेला राब भाजलेल्या काळ्या जागा दिसत होत्या आणि माणसं पावसाची वाट पाहत होती. मागच्या सीटवर खिडकीशी सासूबाई, त्यांच्या शेजारी लेक, पुढे आम्ही दोघं आणि डिकीत आमचा स्वतःचा तंबू.

निघालो होतो काजवे बघायला. सासूबाईंचं माहेर भोरकडचं. लहानपणी परसातल्या जांभळीवर त्यांनी काजवे पाहिले होते, पुण्यात नांदायला आल्यावर ते राहूनच गेलं. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी एवढंच मागितलं, "एकदा मला काजवे दाखवून आणा गं." भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या रानात, मेअखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. या दिवसांत तिथे जेवणाखाणासह तंबूतला मुक्काम मिळतो. आम्ही चौकशी केली, तर माणशी हजार-बाराशे रुपये सांगितले. तेवढे एका वेळेला देता आले असते. पण फोटोतले ते बुटके तंबू पाहून सासूबाई म्हणाल्या, "ओणवं होऊन रांगत आत जायचं असेल, तर मी आपली गाडीतच झोपते." त्यांच्या गुडघ्यांची स्थिती मला ठाऊक आहे. मग ठरवलं की तंबू आपलाच घ्यायचा. सगळं मिळून आठ हजारांच्या आत, आणि आजीला उभं राहता येईल असा.

त्यानंतरचे कितीतरी रविवार या शोधात गेले. ते वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही, कारण तंबूत आपण नेमकं कशाला पैसे देतो हे तेव्हा कळलं. सगळ्यात स्वस्त तंबू दोनेक हजारांचा. पिशवीतून काढून भिरकावला की आपोआप उघडणारा, बघायला गोड. पण त्याला कापडाचा एकच थर. बंद तंबूत चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ गार कापडावर आतून जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते. बाहेर थेंबभर पाऊस नसला तरी अंथरूण ओलं. म्हणून दोन थर हवेतच: आत जाळीचा, हवा खेळती ठेवणारा, आणि त्याला न चिकटणारं वर पावसाचं कापड. पाच हजारांच्या खालच्या बऱ्याच तंबूंवर इथेच फुली पडली.

मग आकड्यांशी ओळख झाली. कापडावर २००० मिमी लिहिलेलं असलं, तर त्यावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे झिरपत नाही. छताला एवढं भरपूर होतं. जमिनीच्या कापडाला जास्त लागतं, कारण ओल्या मातीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा त्या एका जागी मोठा दाब पडतो. पण शिवणीत सुईची भोकं उघडी असतील, तर कापडावरच्या आकड्याचा काही उपयोग नाही. म्हणून प्रत्येक तंबू उलटा करून शिवणीवरची पट्टी मी बोटाने चाचपून पाहायची. आणि तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या! "चौघांचा" म्हणजे माणशी जेमतेम पंचावन्न-साठ सेंटीमीटर. घरातला एकेरी पलंगसुद्धा नव्वदचा असतो. चौघांच्या तंबूत तिघं आणि सामान नीट मावतं. चौघांना सहाजणांचाच बघावा लागतो.

अडचण इथे होती. सहाजणांचा, दोन थरांचा, उभं राहता येईल असा नवा तंबू आमच्या पैशांत बसत नव्हता. नवरा म्हणाला, उंची सोडू या, उंच तंबू वाऱ्याला जास्त अंग देतो. त्याचं म्हणणं खरंच आहे. बुटका तंबू वाऱ्यात घट्ट बसतो, म्हणून डोंगरमाथ्यावर जाणारे तोच नेतात. पण आम्ही शिखरावर जाणार नव्हतो, आम्ही आजीला नेणार होतो. रात्री दोनदा उठणारं, लुगडं सावरत बाहेर पडणारं माणूस ज्या कुटुंबात आहे, त्याने दार आणि उंची आधी बघावी, रंग आणि खिसे नंतर, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन. बायकांना कपडे बदलायलाही उभं राहण्याइतकी जागा लागते. दुकानांत हे कुणी बोलत नाही.

शेवटी तंबू मिळाला तो वापरलेला. कोथरूडमधल्या एका कुटुंबाची मुलं परदेशी गेली होती आणि तंबू माळ्यावर पडून होता. मध्यावर उंची १८५ सेंटीमीटर, दोन दारं, काठ्या फायबरच्या. साडेपाच हजार सांगितले. वापरलेल्या तंबूत कापडाला आतून दिलेला, पाणी अडवणारा लेप म्हातारा होतो. हाताला चिकट लागतो, आंबूस वास येतो, आणि तसा असेल तर फुकटही घेऊ नये. आमचा कोरडा होता. त्यांच्याच इमारतीखाली तो पूर्ण उभारला आणि बागेच्या नळीने वरून पाणी मारलं. एका कोपऱ्यात शिवणीची पट्टी सुटलेली निघाली. तिच्यावर शिवण बुजवायचा डिंक लावला की काम भागणार होतं. उरलेल्या पैशांत रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून ताडपत्री आणि नायलॉनची जाड दोरी घेतली, झोपायच्या चटया घेतल्या आणि ओळखीच्या लोहाराकडून वीतभर लांबीच्या लोखंडी खुंट्या करून घेतल्या. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या हिरवळीवर चालतात. उन्हाळ्यात तापून घट्ट झालेल्या मुरमात त्या पहिल्या घावाला वाकतात.

तर, राजूरनंतर शेंडी गाव लागलं. तिथून भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या बाजूने रस्ता पाण्याला वळसा घालत निघतो. १९१० साली बांधायला घेतलेलं आणि १९२६ साली पुरं झालेलं हे दगडी धरण आजही सरळ उभं आहे. पाणी खूप खाली गेलेलं, काठाची उघडी पडलेली माती भेगाळलेली. पलीकडे कळसूबाईची रांग उन्हात धुरकट दिसत होती. मुतखेल, कोलटेंभे मागे टाकत रतनवाडीच्या अलीकडे एका घरी पोहोचलो. तिथल्या मामांशी फोनवर बोलणं झालेलं होतं. अंगणाजवळच्या पडीक खाचरात तंबू लावायचा, जेवण त्यांच्याकडे, न्हाणीघर त्यांचंच.

मी मऊ मातीची सखल जागा पाहून ताडपत्री पसरायला घेतली. मामा लांबूनच म्हणाले, "ताई, तिथं नका लावू. वळीव आला का सारं पानी तिथंच येतंय. हिकडं उंचवट्यावर घ्या, अन् तोंड घाटघरकडं नका करू, वारा तिकडनंच सुटतो." मग बांधालगतच्या उंचवट्यावर, पाठ वाऱ्याकडे करून तंबू उभा केला. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच राहील अशी दुमडली. ती बाहेर डोकावली, तर छतावरून ओघळणारं पाणी तिच्यावर साचून थेट अंथरुणाखाली येतं. उंचीची भरपाई म्हणून चारही बाजूंनी जादा दोऱ्या ताणल्या. सासूबाई वाकून दारातून आत गेल्या, आत ताठ उभ्या राहिल्या आणि पदर नीट करत म्हणाल्या, "हं, ही खोली झाली."

अंधार पडल्यावर मामांच्या मुलाबरोबर रानाच्या कडेपर्यंत चालत गेलो. विजेरीला लाल कागद बांधला होता आणि तीही जमिनीकडेच. काजव्याचा नर प्रकाशाने मादीला साद घालतो. गाडीचे दिवे आणि मोबाइलचे झोत त्या संवादात घुसतात, जोड्या जुळत नाहीत आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. हे कळल्यावरही लोक झाडावर झोत मारतात, याचा मला मनापासून राग येतो. आम्ही थांबलो तिथे हिरडा, बेहडा आणि सादड्याची झाडं होती. आधी इकडेतिकडे ठिणग्या. मग एका सादड्यावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळे एका तालात उजळले, विझले, पुन्हा उजळले, आणि ती लहर शेजारच्या झाडावर गेली. लेक आजीचा हात धरून उभी होती. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या जांभळीवर असेच होते. पण एवढे नव्हते गं."

वळीव मध्यरात्रीनंतर आला. आधी वारा. तंबूच्या काठ्या इतक्या वाकल्या की छत हाताशी आलं आणि परत वर गेलं. फायबरची काठी अशी वाकते, पण चिरली तर तिचं कुसळ हातात घुसतं, म्हणून अंधारात ती चाचपायची नाही. नवरा बाहेर जाऊन दोऱ्या पुन्हा ताणून आला. लोहाराच्या खुंट्या जागच्या हलल्या नव्हत्या. मग टपोरे थेंब आणि तासभर मुसळधार. डिंक लावलेल्या कोपऱ्याला मी हात लावून बसले होते. कोरडा. जाळीच्या वरच्या कडेने थोडे तुषार आत आले, ते टॉवेलने टिपले. मी ज्या सखल जागी ताडपत्री पसरणार होते, तिथे सकाळी गुडघाभर डबकं होतं. पाऊस थांबल्यावर सासूबाई दुसऱ्या दाराने, कुणालाही न ओलांडता बाहेर जाऊन आल्या. दोन दारांसाठी मी इतका आग्रह का धरला होता, ते घरात पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

सकाळी रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळात गेलो. धुऊन निघालेल्या दगडावरचं कोरीव काम काळंभोर झळकत होतं आणि वर रतनगडाच्या माथ्यावरचं नेढं धुक्यातून मधेच दिसत होतं. परत आल्यावर तंबू उन्हात पसरला. ओला गुंडाळला की त्याला बुरशी लागते आणि लेप कुजतो. तो पुरता वाळेपर्यंत निघायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

त्या वेळात मामांनी पडवीतून पिशव्यांचा ढीग बाहेर काढला. हंगामात पाहुण्यांसाठी घेतलेले त्यांचे तंबू. चार-पाच तंबूंच्या काठ्या मोडलेल्या, एकाची चेन गेलेली, कापड मात्र धडधाकट. "नवीन घ्यायचं म्हंजे एका हंगामाची कमाई जाती," ते म्हणाले. नवऱ्याने एकेक काठी मोजून जाडी लिहून घेतली. साडेआठ मिलिमीटरच्या फायबरच्या कांड्या, आतून ओवायची लवचीक दोरी आणि शिवणीचा डिंक पुण्यात सुटे मिळतात. नव्या तंबूपुढे हा खर्च काहीच नाही. पुण्याला पोहोचल्यावर त्याच आठवड्यात ते सगळं राजूरला जाणाऱ्या एसटीने पाठवलं. काठीचे तुकडे दोरीत कसे ओवायचे ते लेकीने कागदावर चित्र काढून दाखवलं आणि तो कागदही पिशवीत घातला.