दिवे घाटासाठी एक पिशवी

"ताई, बॅग नक्की कशासाठी हवीय?"

रविवार पेठेतल्या दुकानदारांनी हे विचारलं, तोवर काउंटरवर अकरा बॅगा मांडून झाल्या होत्या. त्यातल्या एकीबद्दलही मला धड मत देता येत नव्हतं.

"पालखीबरोबर चालायचंय. पुण्याहून सासवडपर्यंत. एकच दिवस."

त्यांनी सात बॅगा तिथल्या तिथे उचलून मागच्या फळीवर ठेवल्या. "मग या नकोत." उरलेल्या चारांकडे मी बघत राहिले. एकीवर १२ लिटर लिहिलं होतं, एकीवर २२. बॅग लिटरमध्ये मोजतात हे मला त्या दिवशी कळलं. आत किती मावतं, त्याचं ते माप. पण मला किती लिटरचं सामान लागणार, हे मी कसं सांगणार? मी काहीच न घेता घरी आले.

माझी अठ्ठावन्न वर्षं पुण्यात गेली. पालखी आली की भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात माउलींच्या पादुकांचं आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं, दोघा-चौघा वारकऱ्यांना घरी जेवायला बोलवायचं, एवढीच माझी वारी. चालायचं मनात फार होतं. पण मी शाळेत शिक्षिका, आणि जून म्हणजे शाळा उघडायचा महिना. २०२५ च्या एप्रिलअखेर निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच जून मोकळा मिळाला. माउलींची पालखी २२ जूनला, रविवारी, पुण्यातला मुक्काम हलवून सासवडला निघणार होती. आळंदी ते पंढरपूर वाटेवरचा हा सर्वांत लांबचा टप्पा. तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट.

पायांची तयारी करता येते, रोज थोडं थोडं वाढवत चालायचं. माझा घोर वेगळाच होता. आदल्या वर्षी गणपतीत, लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणूक बघताना माझ्या पर्समधून मोबाइल आणि पाकीट गेलं होतं. पर्स खांद्यावर होती, चेन लावलेली होती, हात पट्ट्यावर होता. घरी येऊन पाणी प्यायले, पर्स टेबलावर ठेवली, तेव्हा तळाशी बोटभर लांबीची सरळ चीर दिसली. पैसे बाराशेच होते. पण आधार कार्ड होतं, दोन बँकांची कार्डं होती, आणि आईचा एक लहानसा फोटो होता, ज्याची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. त्या दिवसापासून मंडईत भाजीला जातानाही मी पिशवी पोटाशी धरून चालायला लागले. असं धरून तीस किलोमीटर कसं चालणार?

भाचा म्हणाला, "मावशी, सरळ अँटी-थेफ्ट बॅग घे." तो मला मोठ्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या बॅगेची चेन पाठीकडच्या बाजूला होती, बाहेरून कुठे उघडायचं ते दिसतच नव्हतं. ती कल्पना मला मनापासून पटली. ब्लेडने कापू नये म्हणून पट्ट्यात आणि कापडात स्टीलची बारीक तार घालायची पद्धतही बाहेरच्या देशांत आहे. हाँगकाँगची पॅकसेफ कंपनी तशा बॅगा करते. विक्रेत्या मुलाने आणखी एक सांगितलं, "मॅडम, यात आरएफआयडीचा कप्पा आहे, कार्ड स्कॅन होत नाही." याचा अर्थ मला तीनदा विचारावा लागला. मशीनला नुसतं टेकवून चालणारी जी कार्डं असतात, त्यांची माहिती लांबून कुणी वाचू नये म्हणून तो कप्पा. आपल्याकडे जानेवारी २०२१ पासून अशा कार्डाने ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय व्यवहार होतो, म्हणून त्या मुलाला हा कप्पा महत्त्वाचा वाटत होता. मी घरी येऊन बँकेच्या ॲपमध्ये बघितलं, तर कार्डाची ही सोय आपली आपल्यालाच बंद करता येते. मी ती लगेच बंद केली. शिवाय माझं पाकीट गेलं होतं ते साध्या ब्लेडने.

ती बॅग मी घेतली नाही. रिकामी असतानाच ती सव्वा किलोची होती.

वजनाचं मला कळतं. शाळेत आम्ही मुलांची दप्तरं काट्यावर ठेवून मोजत असू. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं असं सांगितलं आहे, आणि त्यासाठी मी पालकांशी, कधी कधी सहकाऱ्यांशीही वाद घातले आहेत. माझं वजन अठ्ठावन्न किलो. म्हणजे पावणेसहा किलोपर्यंत चाललं असतं. पण घाट चढायचा होता, म्हणून मी निम्मं धरलं. सगळं मिळून तीन किलो, त्यात एक किलो तर लिटरभर पाण्याचंच. हा आकडा ठरला आणि गोंधळ निम्मा कमी झाला.

उरलेला गोंधळ मिटवला तो मंडईजवळ बसणाऱ्या बॅग दुरुस्तीवाल्या काकांनी. माझी चिरलेली पर्स त्यांच्याकडेच शिवायला दिली होती, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "ताई, कापड नंतर बघा. आधी चेन बघा." त्यांनी एक जुनी सॅक घेतली, तिचे दोन्ही रनर एकत्र आणून त्यांना बारकं कुलूप लावलं आणि साध्या बॉलपेनचं टोक चेनमध्ये दाबलं. चेन फाकली. आत हात घालून त्यांनी एक फडकं बाहेर काढलं, मग कुलपासकट दोन्ही रनर धरून चेनवरून पुढे-मागे फिरवले. चेन पुन्हा बंद. कुलूप जसंच्या तसं. मी बघतच राहिले. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन अशी उघडते. धातूच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या सुट्या दात्यांची चेन पेनाने सहजी फाकत नाही. पण दात्यांची चेनसुद्धा मागे, परक्या माणसासमोर असेल, तर ती कुणीही नुसती ओढून उघडू शकतो. "म्हणून पैशाची चेन पाठीला चिकटली पाहिजे," काका म्हणाले. "तुमच्या अंगाला धक्का लागल्याशिवाय तिथे हात जायला नको."

मग कापड. लेबलवर ६०० डेनिअर असं लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड. ६०० ला ब्लेड अजिबात लागत नाही असं नाही, पण माझ्या पर्सच्या पातळ रेग्झिनसारखं एका फटक्यात ते फाटत नाही. पावसाचंही त्यांनी सांगितलं. कापड पाणी धरत नसलं तरी शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी आत जातंच. वरून रेनकव्हर घातलं की चालता चालता काही काढता येत नाही. त्यापेक्षा आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, तोंड दोनदा दुमडा, आणि सामान त्यात ठेवा. एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

मी पुन्हा रविवार पेठेत गेले आणि १२ लिटरची, साडेसहाशे रुपयांची, ६०० डेनिअरची राखाडी सॅक घेतली. काकांनी तिच्या पाठीकडच्या बाजूला दात्यांची चेन लावून एक चपटा कप्पा शिवून दिला, दोन्ही पट्ट्यांना छातीवर अडकवायला बक्कल लावलं आणि पट्ट्यांची वरची टोकं डबल शिलाईने पक्की केली. त्याचे दोनशे रुपये झाले. ते मला कमीच वाटले. मी तसं म्हटलं, तर त्यांनी जास्तीचे घेतले नाहीत.

भरलेली सॅक घेऊन मी तीन दिवस पर्वती चढले. १०३ पायऱ्या, वर देवदर्शन, परत खाली. पहिल्याच दिवशी देवापुढे वाकले आणि बाजूच्या जाळीतली पाण्याची बाटली निसटून घरंगळत गेली. तेव्हा लक्षात आलं की वारीत माणूस माणसाच्या पाया पडतो. लहान मोठ्याच्या, मोठा लहानाच्या, ओळख असो वा नसो. दिवसभरात कितीदा वाकायचं याची गणतीच नाही. म्हणजे पिशवी वाकताना डोक्यावर येता कामा नये, तिच्यातून काही सांडता कामा नये, आणि दोन्ही हात मोकळे हवेत, कारण हात जोडायचे असतात, टाळ्या वाजवायच्या असतात. खांद्याला एका बाजूने लटकणाऱ्या सगळ्या पिशव्या माझ्या मनातून तिथेच बाद झाल्या. हा निकष मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितला नव्हता. मुद्दाम प्रवासी बॅग घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ती भरून घरच्या देवापुढे एकदा वाकून बघावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

२२ जूनला पहाटे मी हडपसरच्या दिशेने चालायला लागले. पुलापाशीच गर्दी इतकी दाट झाली की पुढच्या माणसाची पाठ आणि मागच्याचा श्वास एवढंच जाणवत होतं. गणपतीतली ती संध्याकाळ मला आठवली. छातीवरचं बक्कल मी दोनदा चाचपलं. मग एक दिंडी शेजारून गेली, तुळशीवृंदावनं डोक्यावर घेतलेल्या बायका, मागे वीणेकरी, टाळकरी, आणि ज्ञानोबा-तुकाराम सुरू झालं. पुढे तासभर सॅकची आठवणही झाली नाही.

वडकीला, घाटाच्या पायथ्याशी, भाकरी खायला बसले तेव्हा शेजारी जिंतूरकडच्या एक आजी होत्या. त्यांची अठरावी वारी. बोचकं दिंडीच्या ट्रकमध्ये, खांद्यावर फक्त एक कापडी पडशी. पुढच्या बाजूला भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली, मागच्या बाजूला सुकं पातळ. मी विचारलं, "आजी, पैसे कुठे ठेवता?"

त्यांनी हसून कमरेवर हात ठेवला. "चहापाण्याचे कनवटीला. बाकीचे हितं." त्यांनी गळ्यातला काळा दोरा दाखवला, पोलक्याच्या आत कापडाचा बटवा होता. "आन् परतीच्या गाडीभाड्याचे आमच्या विणेकऱ्याकडं. समदं एका जागी ठिवू नये, माय."

मी सॅक उघडली नाही, पण मनातल्या मनात तपासली. पाठीच्या त्या चपट्या कप्प्यात मी मोबाइल, एक कार्ड, आधारची झेरॉक्स आणि सगळे पैसे एकत्र ठेवले होते. चार आठवडे घालवून मी एकच जागा भक्कम केली होती. तिथेच बसून मी पाचशेची एक नोट आणि झेरॉक्स काढून सलवारीच्या नेफ्याजवळच्या आतल्या खिशात ठेवली, चहाचे सुटे पैसे ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधले. आजी शेजारी बसून, सगळं नीट झालं का बघत होत्या.

मग घाट. माउलींच्या रथाला बैलांच्या जादा जोड्या लागल्या. वर चढत गेलं की खाली मस्तानी तलाव दिसतो, आणि वळणावळणाचा रस्ता माणसांनी भरलेला. मध्येच सर आली. लोक प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेऊन चालतच राहिले. माझी सॅक बाहेरून पार भिजली. आतल्या पिशवीतला कोरडा सदरा कोरडाच राहिला. उजव्या खांद्यावर पट्टा थोडा काचला, कारण तो मी घाईत लांब ठेवला होता आणि सॅक पाठीवर खाली ओढली गेली होती. पट्टे आवळून ती वर घेतली, की भार पाठीवर पसरला. सासवडला सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. वाकले, उठले. सॅक जागची हलली नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा चालणार असाल, तर बॅग कुठलीही घ्या, पण निघण्याच्या आदल्या रात्री एक काम नक्की करा. मोबाइलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. पंधरा आकडी क्रमांक दिसेल. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन क्रमांक दिसतील. ते कागदावर लिहून घरी ठेवा. फोन गेलाच तर पोलिसांत तक्रार नोंदवल्यावर, हेच क्रमांक देऊन केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. माझ्याकडे ते लिहिलेले नव्हते. आणि ज्याची दुसरी प्रत नाही असा फोटो पाकिटात असेल, तर तो आजच काढून घरी ठेवा.