थांबलेले चित्र आणि आमच्या मुलींची मराठी

उर्दू माध्यमाच्या मुलींपुढे सातवीनंतर मोठा प्रश्न उभा राहतो. अनेक गावांत उर्दू शाळा तेवढ्यापर्यंतच असते. पुढे तालुक्याला जायचे किंवा गावातल्याच मराठी हायस्कूलमध्ये नाव घालायचे. मुलगा एसटीने जातो. मुलीला एसटीने पाठवायला घरचे धजत नाहीत. मराठी हायस्कूल दोन गल्ल्या ओलांडून असते, पण अब्बा म्हणतात, "सर, उसको मराठी नै जमती." तिथेच तिचे शिक्षण संपते.

जालना जिल्ह्यातील एका लहान उर्दू शाळेत आम्ही शिकवतो. मराठी सर्व शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. आमच्याकडे ती त्याआधीही शिकवली जात होती. पण तासापुरती मराठी आणि उरलेला दिवस दखनी, अशा स्थितीत कान तयार होत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि तो तासही गेला.

सुरुवातीला आम्ही तयार कार्टून पाठवली. मुलांनी ती आवडीने पाहिली. नंतर फोनवर विचारले, तर माकडाने काय केले ते सगळ्यांना आठवत होते, माकड काय बोलले ते कुणालाच नाही. हालचाल डोळ्यांना ओढून नेते आणि शब्द मागे राहतो. म्हणून आम्ही चित्रे थांबवायचे ठरवले.

हिशेबही सोयीचा निघाला. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर तीन मिनिटांच्या फिल्मला ४,५०० चौकटी लागतात. आमचे काम हाताने काढलेल्या अठरा चित्रांत भागते. चित्राचा फोटो काढायचा, मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्ये ओळीने लावायचा आणि वर आपला आवाज द्यायचा. एका चौकटीतून दुसरीत जे बदलते, मुख्यतः तेवढेच व्हिडिओच्या फाइलमध्ये साठवले जाते. चित्र स्थिर असले की फाइल लहान होते, आणि एकच फोन असलेल्या घरातही ती उतरते. आवाज मात्र नीट हवा. पंखा बंद करून, रात्री गोधडी पांघरून आम्ही तो भरतो.

हे काही आम्ही शोधून काढलेले नाही. शेजारच्या पैठणची आणि कोकणातल्या पिंगुळीची चित्रकथी याच रीतीची. चित्र समोर धरायचे आणि कथा तोंडाने सांगायची. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पडत, काचा झरझर बदलून हालचालीचा भास होई, आणि सोबत निवेदन चाले. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला तो त्यानंतर, ७ जुलै १८९६ रोजी.

आमची पहिली फिल्म मोसंबीची. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या मुलांचे कितीतरी पालक बागेत तोडणीला किंवा मोंढ्यात हमालीला जातात. बाग हा शब्द मुलांचा ओळखीचा. पण फळ, डोळा, काळी माती या शब्दांत अडचण येते. 'ळ' उर्दूत नाही, म्हणून मुले 'फल' म्हणतात. म्हणून 'फळ' म्हणताना चित्र पूर्ण थांबते आणि शब्द तीनदा येतो. संपूर्ण फिल्ममध्ये एकच गोष्ट हलते, फांदीवरून सुटणारी मोसंबी. तेव्हा क्रियापद येते, 'पडली'.

आणखी एक गोष्ट करताना कळली. आमच्या मुलांची नजर पानावर उजवीकडून डावीकडे फिरते. म्हणून मराठीच्या फिल्ममध्ये चित्र डावीकडून उजवीकडे उलगडत नेतो, खाली तेच वाक्य लिहिलेले असते. उर्दूच्या फिल्ममध्ये दिशा उलटी. काहीही न सांगता नजरेला वळण लागते.

शाळा केव्हाच सुरू झाल्या, पण हे काम आम्ही सोडलेले नाही. आता चित्रे आमची आणि आवाज मुलींचा. आवाज संपेपर्यंत चित्र थांबून राहते, त्यामुळे अडखळणाऱ्या मुलीलाही घाई होत नाही. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी घरी सात-आठ वेळा वाक्य भरते आणि त्यातले बरे निवडून पाठवते. तिची अम्मी शेजारी बसून ऐकते. एका अम्मीने निरोप दिला, दवाखान्यात चिठ्ठी कशी मागायची त्याची फिल्म करा. ती आम्ही केली.

यंदा सातवीत नऊ मुली आहेत. त्यांचे आवाज आम्ही आता त्यांच्या अब्बांना ऐकवत आहोत. मराठी हायस्कूलचे प्रवेश जूनमध्ये आहेत.