बाबांचा बाथटब कर्व्ह

सुरुवातीलाच एक कबुली देते. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड व्हायचा, त्यामुळे माझं मराठी घरात, रिक्षात आणि आजीच्या हाताखाली तयार झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात! "तू इंग्लिश सेक्शनला दे ना," असं रूममेटने दोनदा सुचवलं. पण हा लेख इंग्लिशमध्ये लिहून उपयोग नव्हता. का, ते पुढे कळेलच.

विषय आहे मेडिक्लेम. थांबा, लगेच पान उलटू नका! मलाही परवापरवापर्यंत वाटायचं की हा विषय बाबांचा, एजंट काकांचा आणि फार तर आयकर भरणाऱ्यांचा. आपला संबंध जर्नल, सबमिशन आणि मेसमधल्या पातळ वरणाशी.

डिसेंबर २०२५. परीक्षा संपवून नाशिकला घरी गेले होते. सेलोटेप शोधताना शोकेसच्या ड्रॉवरमध्ये एक पाकीट सापडलं. आमच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची नोटीस होती. मुदत २ जानेवारी. रक्कम ३९,८०० रुपये. त्याखालीच गेल्या वर्षीची पावती होती, ३३,६३० रुपयांची. त्यात ५,१३० रुपये जीएसटी. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, हे मी पेपरात वाचलं होतं. म्हणजे बिल कमी यायला हवं होतं. कर गेला आणि रक्कम वाढली, हे कुठलं गणित?

उत्तर सोबतच्या तक्त्यात होतं. वयाचे रकाने होते, ५१ ते ५५ आणि ५६ ते ६०. बाबांना ऑक्टोबरमध्ये ५६ वं लागलं आणि ते पुढच्या रकान्यात गेले. वर कंपनीने मूळ दरही वाढवले होते.

"बाबा, हे भरायचं राहिलंय."

"राहिलं नाही, ठेवलंय," बाबा म्हणाले. "या वर्षी सोडून देऊ. सहा वर्षांत एक रुपयाचा क्लेम केला नाही. तुझं शिक्षण झालं की बघू पुन्हा."

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी हॉस्टेलची आणि मेसची फी भरली ना परवा."

मित्रांनो, त्यानंतर मी बराच वेळ सेलोटेपचं टोक शोधत बसले.

थोडं मागचं सांगते. बाबा टर्नर. अंबडच्या एका कारखान्यात २४ वर्षं लेथवर उभे होते. तोवर आम्ही सगळे कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होतो. त्यात प्रत्येकाच्या वयाचा वेगळा हिशेब आपल्याला दिसत नाही. पंचविशीतली पोरं आणि पन्नाशीतले काका एकाच पंगतीत जेवतात आणि बिल बरंचसं कंपनी देते. २०१९ च्या शेवटी तो कारखाना बंद पडला. बाबा पन्नाशीचे होते. पंगतीतून उठून एकटे उभे राहिले की वय दिसायला लागतं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी स्वतःची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी घेतली. पहिल्या वर्षी १९ हजार, आणि मग दर वर्षी जिना चढत चढत इथवर. कमाई मात्र उलट्या दिशेने. आता ते एका छोट्या वर्कशॉपमध्ये जॉबवर्क करतात.

आम्हाला रिलायबिलिटी शिकवताना सरांनी फळ्यावर बाथटब कर्व्ह काढला होता. नवीन मशीन सुरुवातीला जास्त बिघडतं, मग बरीच वर्षं सुरळीत चालतं आणि शेवटी झिजेमुळे बिघाड पुन्हा वाढत जातात. आलेख न्हाणीच्या टबासारखा दिसतो. परीक्षेत हा प्रश्न मी पाठ करून सोडवला होता. त्या रात्री पाकिटाच्या मागे तोच आलेख काढून बाबांना दाखवला. त्यांना एका मिनिटात कळला.

"म्हणजे मी आता झिजेच्या रकान्यात आलो म्हण की!" ते हसले. "बेअरिंग जुनं झालं की आवाज करतं, त्यात काय."

"हो, पण आवाज करायला लागल्यावर कुणी मेंटेनन्स बंद करतं का?"

यावर ते हसले नाहीत.

मग मी पॉलिसीचं पुस्तक मागितलं. ३८ पानं, सगळी इंग्लिशमध्ये. बाबा निफाड तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत शिकले, मग आयटीआय. सहा वर्षं ते एजंटने पेन्सिलने फुली मारलेल्या जागी सही करत आले होते. आत काय आहे हे कुणीच वाचलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं? मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. इथे माझी खरी परीक्षा झाली! 'डिडक्टिबल'ला मराठीत काय म्हणायचं? शेवटी म्हटलं, "सुरुवातीचे ठरलेले पैसे आपले, त्यापुढचे त्यांचे." बाबा म्हणाले, "मग असं लिहीत का नाहीत?"

वाचता वाचता कळलं ते असं. बाबांना २०१६ पासून शुगर आहे. अशा जुन्या दुखण्यासाठी आमच्या पॉलिसीत चार वर्षांची वाट पाहणी होती (२०२४ च्या नियमांनंतर ती जास्तीत जास्त तीन वर्षं आहे). ती आमची पूर्ण झाली होती. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सोडून 'माहिती लपवली' या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. तेही पूर्ण झालं होतं. म्हणजे सहा वर्षांचे पैसे वाया गेले नव्हते, त्यातून रांगेतली जागा मिळाली होती. मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, पण तेवढ्या दिवसांत दुखणं आलं तर पैसे मिळत नाहीत. आणि त्यानंतर सोडलं की पुन्हा रांगेच्या शेवटी. तेही ५६ व्या वर्षी, शुगरसह, आणि नवीन कंपनीने घेतलं तर! 'नंतर बघू' यातलं नंतर आमच्यासाठी नव्हतंच.

सरकारी हिशेबातही ५६ हे वय अडनिडं. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपन्यांना आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, पण ज्येष्ठ म्हणजे ६० पासून. आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं, पण ७० पासून. महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्या रेशनकार्डांना खुली आहे, तिचा आधार मोठा आहे, पण ठरावीक उपचारांसाठी आणि ठरावीक रुग्णालयांत. पहिली नोकरी सुटल्यापासून साठीपर्यंतचा हा पूल आपला आपणच ओलांडायचा असतो.

आम्ही काय केलं? विमा रक्कम पाच लाखच ठेवली. वर्षातले पहिले ५० हजार आपण भरायचे, हा पर्याय आमच्या पॉलिसीत होता, तो घेतला. हप्ता ३०,७०० वर आला. वाचलेल्या ९,१०० मधून पोस्टात महिन्याला ७०० रुपयांचं आरडी सुरू केलं. पाच वर्षांत ते ५० हजार होतील. तोवर कारखान्याच्या हिशेबातून ठेवलेली ५० हजारांची एफडी मोडायची नाही, असं आईने बजावलं. हा उपाय सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. ज्यांच्याकडे असे ५० हजार बाजूला नाहीत, त्यांना तो उलटाही पडू शकतो. आणि पुढच्या वर्षी आकडा पुन्हा वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

२९ डिसेंबरला पैसे भरले. बाबांनी या वेळी सही करण्याआधी प्रत्येक पानावर बोट ठेवून "इथे काय म्हटलंय?" असं विचारलं. दीड तास लागला. दहा वर्षं त्यांनी माझ्या शाळेची फी भरली, ओव्हरटाइम करून. त्या इंग्लिशमधून त्यांच्यासाठी मी काही वाचलं, ते पहिल्यांदाच. आता कळलं ना हा लेख इथे का? इंग्लिशमध्ये सगळं लिहिलेलं होतंच. आमच्या घरात ते सहा वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतं.

तर हॉस्टेलवासीयांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की फराळाच्या डब्याआधी तो ड्रॉवर उघडा. पॉलिसीची मुदत कधी संपते, आई-बाबांचं वय कुठल्या रकान्यात आहे आणि या वर्षी ती भरायची आहे की 'ठेवली' आहे, एवढं विचारा. 'ठेवली' असेल, तर आपली फी कधी भरली गेली तेही विचारा.

असो. उद्या सबमिशन आहे आणि सेलोटेप अजून मिळालेला नाही.