वीकेण्डला साप बघायला येतेस?

तुमचा मामेभाऊ अमेरिकेत राहतो. तुम्ही पहिल्यांदाच त्याच्याकडे गेला आहात. शनिवारी सकाळी तो तुम्हाला कुठे नेईल? टाइम्स स्क्वेअर, आउटलेट मॉल, फार तर नायगारा... बरोबर? माझा दादा मला सापांच्या बाजारात घेऊन गेला!

२०२३ चा उन्हाळा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही सकाळी सातलाच निघालो. वहिनीने थर्मासमध्ये चहा दिला, डब्यात थालीपीठ दिलं आणि एक अट घातली. "साप आणा नाहीतर मगर आणा, पण माझ्या फ्रीजरमध्ये ओल्या नारळाशेजारी उंदीर दिसता कामा नये!" कारण पाळलेल्या सापांना गोठवलेले उंदीर घालतात. कोमट पाण्यात सोडून नरम करायचे आणि चिमट्याने भरवायचे. जिवंत उंदीर उलट सापालाच चावून जखमी करू शकतो. आहे की नाही गंमत?

आय-७८ हायवेने पेनसिल्वेनियात शिरलं की हळूहळू मॉल मागे पडतात आणि मक्याची शेतं सुरू होतात. पावणेदोन तासांत हॅम्बर्ग आलं. जर्मनीतलं नव्हे हं, हे एक छोटंसं गाव आहे. इथल्या फील्ड हाउसमध्ये वर्षातून अनेकदा रेप्टाइल शो भरतो. आत टेबलांच्या रांगाच रांगा. आपल्याकडे पार्सलची चटणी मिळते तसे पारदर्शक डबे, झाकणाला भोकं, वर किमतीचं स्टिकर आणि आत वेटोळं. बाबागाडीत बाळ घेऊन आलेली जोडपी, टॅटूवाली पोरं, आजी-आजोबा, सगळे निवांत भाव विचारत होते. एका बाजूला विषारी सापांची टेबलंही होती. तिथून मी आपली लांबूनच पास झाले.

दादाचं सापवेड जुनं. लहानपणी रविवारी कात्रजच्या सर्पोद्यानात जायचो, तेव्हापासूनचं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात देशी साप घरी पाळता येत नाही. न्यू जर्सीत बोआ पाळायचा तर राज्याचं परमिट लागतं. ते त्याने काढलं, दोन महिने अभ्यास केला आणि ठरवलं, बोआच! अजगर अंडी घालतो, बोआ बहुधा थेट पिल्लांना जन्म देतो. दोघेही बिनविषारी, दोघेही विळखा घालून शिकार करणारे. प्रश्न एवढाच होता, कुठला बोआ?

फायनलिस्ट नंबर एक: कॉमन बोआ

देखणा, तपकिरी नक्षीचा, बहुतेकदा शांत स्वभावाचा. डब्यातलं पिल्लू हातभरही नव्हतं. पण मादी मोठी झाली की सहा ते आठ फूट. म्हणजे हॉलमध्ये सोफ्याएवढी पेटी. आयुष्य वीस-तीस वर्षं. जवळच्याच फिलाडेल्फियाच्या झूमध्ये पोपाय नावाचा बोआ चाळीस वर्षं जगून १९७७ मध्ये गेला. आपलं होम लोनही त्याआधी फिटतं, बॉस!

फायनलिस्ट नंबर दोन: ब्राझिलियन रेनबो बोआ

ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर जे रंग दिसतात ना, ते याच्या अंगावर चमकतात. मी तर जाम प्रेमात पडले. पण याला हवा दमट लागते, म्हणजे बारा महिने मुंबईचा जुलै. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटर लावला की घरातली हवा कोरडी ठक्क. रोज पेटीतली आर्द्रता सांभाळत कोण बसणार? कॅन्सल.

फायनलिस्ट नंबर तीन: केनियन सँड बोआ

नर जेमतेम दीड फुटाचा. केशरी अंगावर गडद ठिपके, दिवसभर वाळूत दडलेला. मी ओरडलेच, "दादा, हे तर आपलं मांडूळ!" आणि खरंच, दोघं एकाच वंशाचे. बोथट शेपटीमुळे आपल्याकडे मांडुळाला दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन मिळतं, पैशांचा पाऊस पडतो, असल्या भंपक समजुतींपायी तो पकडला जातो, वजनावर विकला जातो. इथे त्याचा केनियन भाऊ चांगल्या स्नीकर्सच्या किमतीत मिळत होता, कुठल्याही चमत्काराच्या गॅरंटीशिवाय.

दादाचा निर्णय झाला. त्याने पाकीट काढलं. टेबलामागचे आजोबा म्हणाले, "थांब. कुठे जन्मला, काय खातो ते मी सगळं सांगेन. आधी तू सांग. हा पंधरा-वीस वर्षं जगेल. तेव्हा तू कुठे असशील?"

एरवी कुणाला बोलू न देणारा माझा दादा गप्प झाला.

त्याचा एच-वन-बी व्हिसा तीन अधिक तीन वर्षांचा. ग्रीन कार्डची रांग पुढे सरकेल तेव्हा सरकेल. उद्या नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. आणि साप? बोआ कुळातल्या सापांचा व्यापार आणि वाहतूक 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते. बॅगेत घालून पुण्याला आणायचं तर नावच नको. मग लोक काय करतात? काही जण सरळ सोडून देतात. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये सुटलेल्या बर्मी अजगरांनी काय हाहाकार केलाय ते जगाला माहीत आहे.

दादाने पाकीट परत खिशात ठेवलं. येताना गाडीत गाणीसुद्धा लावली नाहीत. एकदाच म्हणाला, "अगं, मी सोफासुद्धा सेकंडहॅण्ड घेतलाय. कधीही विकता यावा म्हणून."

मला वाटलं, विषय संपला. डिसेंबरमध्ये व्हॉट्सअॅपवर फोटो आला. दादाच्या तळहातावर केशरी वेटोळं! साप सांभाळणाऱ्या एका संस्थेकडून त्याने अकरा वर्षांचा सँड बोआ दत्तक घेतला होता. आधीचा मालक शिक्षण संपवून दुसऱ्या देशात निघून गेलेला. दादाला परत यावं लागलंच तर त्याचा ऑफिसमधला मित्र सापाला सांभाळणार आहे. तसं त्याने परमिट काढून लेखी दिलंय.

तेव्हा मित्रहो, साप निवडताना रंग बघा, लांबी बघा, पण आधी स्वतःचं कॅलेंडर बघा. आपल्याला जेवढी वर्षं देता येतील, तेवढ्याच वर्षांचं प्रॉमिस करावं.

आणि हो, उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीजर आलाय. वहिनी सापाला 'मांडूळभावजी' म्हणतात.