अपूर्णविराम

दिवाळीला नातू वाशीला आला होता. (वाशी म्हणजे आमची, धाराशिव जिल्ह्यातली. नवी मुंबईची नव्हे!) पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे फराळाबरोबर लॅपटॉपही उघडा. रात्री अकरा वाजले तरी कपाळावर आठ्या.

"काय अडलंय रे?"

"आबा, तुम्हाला नाही कळायचं."

जन्मभर व्याकरण शिकवलेल्या मास्तराला असं म्हणू नये. मी खुर्ची ओढून बसलो.

प्रोग्रामचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे हे पाहणारं 'मेक' नावाचं एक साधन आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ते तयार केलं. त्यात बीजगणितासारखे चल असतात. नातू वापरतो त्या 'ग्नू मेक'मध्ये चलापुढे नुसतं 'बरोबर'चं चिन्ह घातलं, तर उजवीकडचा मजकूर तसाच ठेवला जातो. अर्थ लावायचा तो वापरताना, आणि दर वेळी नव्याने. चिन्हाआधी अपूर्णविराम दिला, तर अर्थ तिथल्या तिथे लागून कायम होतो.

मी म्हटलं, "म्हणजे पत्त्यात 'वाशी, आपला जिल्हा' असं लिहिलं आणि पुढे जिल्ह्याचं नाव बदललं, तर?"

"अपूर्णविराम नसेल तर धाराशिव छापून येईल. असेल तर उस्मानाबादच राहील."

२०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं, तरी माझ्या पेन्शनच्या जुन्या कागदांवर उस्मानाबादच आहे. कळलं! त्याची चूकही तीच निघाली. वर एक अपूर्णविराम राहिला होता आणि खाली किंमत बदलत होती. एक चिन्ह घातलं, काम झालं. तो झोपला.

मला मात्र झोप लागेना. हिला काशीला जायचं होतं. १९९८ साली मी म्हणालो होतो, "पुढच्या वर्षी नक्की." तिने त्याचा अर्थ १९९९ असा लावला आणि मनात पक्का केला. मी ते वाक्य दर वर्षी तसंच वापरत राहिलो. दर वर्षी त्याचा अर्थ नवा निघे. परीक्षा, मुलीचं लग्न, घराचं बांधकाम, मग माझे गुडघे. २०११ साली ती गेली. गव्हाच्या कोठीत फडक्यात बांधलेले अठराशे रुपये सापडले. काशीसाठी साठवलेले.

सकाळी निघताना नातू पाया पडला. "आबा, पुढच्या सुट्टीत तुम्हाला पुण्याला नेतो."

"तारीख सांग," मी म्हटलं.

तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला आणि खिशातून मोबाईल काढून कॅलेंडर उघडलं.