लाल माशाचा रंग

समुद्रातला मासा हुबेहूब काढायचा तर आधी पाणी समजून घ्यावं लागतं, या मतावर मी ठाम आहे. खवल्यांचं काय, चित्रं काढायच्या ॲपमध्ये त्यांचा तयार ब्रश मिळतो. तो सरसकट फिरवला की मासा कौलारू छपरासारखा दिसायला लागतो, आणि लोक त्यालाच बारकावे म्हणतात!

पाणी उजेडातला लाल रंग सर्वांत आधी गिळतं. दहा मीटर खाली तो नावापुरता उरतो. मग नारिंगी जातो, मग पिवळा. निळा मात्र खोलवर पोचतो. लक्षद्वीपच्या प्रवाळात कपारीत दडलेला सोल्जरफिश फ्लॅशच्या फोटोत लालभडक येतो, पण पंधरा मीटरवर नुसत्या डोळ्यांना तो काळपट, राखाडी दिसतो. दिवसा लपून रात्री बाहेर पडणाऱ्या माशाच्या ते पथ्यावरच पडतं. म्हणून मी आधी मासा पुऱ्या रंगात काढते आणि त्यावर मल्टिप्लाय मोडमध्ये निळ्या-हिरव्याचा लेयर टाकते. लाल आपोआप विझतो. लांबच्या माशांवर आणखी एक, साधा, पाण्याच्याच रंगाचा लेयर येतो आणि त्यांच्या कडा विरतात.

निळ्या माशांची तऱ्हा वेगळी. बहुतेकांच्या अंगात निळं रंगद्रव्य नसतंच. कातडीतल्या ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून उजेड परततो आणि आपल्याला निळं दिसतं. साहजिकच मासा वळला की छटा बदलते. एकच निळा भरला तर मासा प्लास्टिकचा होतो. मी पाठीकडे हिरवट, पोटाकडे जांभळट सरकत जाते.

उथळ पाण्यात लाटांमुळे उजेडाची जाळी पडते. ती वरून येते, म्हणजे पाठीवर हवी. पोटावर काढली की चित्र खोटं पडलं. खोल जाल तशी ती पुसट होते.

मालवणात सिंधुदुर्गाभोवतीही प्रवाळ आहे, पण तिथलं पाणी हिरवट, गाळाचं. कधीकधी चार हातांवरचंही दिसत नाही. चित्र मागणाऱ्यांना मात्र मालदीवचा निळा हवा असतो. (हिरवं पाणी भिंतीवर शोभत नाही म्हणे.) मी मालवणचा मासा हिरव्या पाण्यातच काढते. ज्यांना नको, त्यांनी दुसरा चित्रकार बघावा.

तुम्ही फोटोवरून काढणार असाल तर फोटो काढणाऱ्याला दोन गोष्टी आधी विचारा: खोली किती होती आणि फ्लॅश होता का?