अठरा नखं

परवा लेकीला घेऊन पुण्यात एका दुकानात गेले होते. शाळेच्या प्रकल्पासाठी काचेची छोटी बरणी हवी होती. दुकान शोभेच्या माशांचं. कोपऱ्यात एका काचपेटीत रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी अशी हिरवी कासवं एकमेकांवर चढत होती. डोळ्यामागं लाल पट्टा. लेक तिथंच चिकटली. "अम्मी, दोन घेऊ या ना!"

दुकानदार लगेच पुढं आला. "घ्या मॅडम, काही त्रास नाही. चिमूटभर खाणं. केस गळत नाहीत, आवाज नाही. ओरडत नाही की काही नाही."

ओरडत नाही, हे ऐकलं आणि लेकीचा हात धरून मी बाहेर आले. बरणीही राहिली. रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. रात्री तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, तेच इथं लिहिते आहे. माझ्या भावाला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही. नाव नको घालू."

आधी त्या लाल पट्टेवाल्यांबद्दल. ती आपली नव्हेत, अमेरिकेतली आहेत. दुकानात नाण्याएवढी दिसतात, पण वाढून जेवणाच्या ताटाएवढी होतात आणि वीस-तीस वर्षं सहज जगतात. हे दुकानदार सांगत नाही. मग दोन-तीन वर्षांनी टब पुरेनासा झाला की माणसं "सोडून देऊ, पुण्य लागेल" म्हणत जवळच्या तळ्यात टाकून येतात आणि तिथल्या देशी कासवांच्या तोंडचं खाणं ही पाहुणी खातात. आणि आपली देशी कासवं घरात ठेवणं तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. तो कायदा १९७२ चा. पण १९९० साली सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या आमच्या गावात कुणी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

अब्बा शिंपीकाम करायचे. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी. एकीवर अब्बा, दुसरीवर ईद-दिवाळीच्या घाईत अम्मी. दादी दाराशी बसून तुरपाई करायची, मी काजं-बटणं. भाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो हुशार होता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, गणिताचे गुरुजी दुकानात शर्ट शिवायला यायचे तेव्हा अब्बांना सांगायचे.

पाटाचं पाणी बंद झालं की खड्ड्याखड्ड्यांत डबकी उरायची आणि गावातली पोरं मासे-खेकडे धरायला पळायची. त्या उन्हाळ्यात भाईनं तिथून दोन कासवं आणली. एक मऊ पाठीचं, चपटं. त्यानं पहिल्याच दिवशी मान लांब काढून भाईचं बोट धरलं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत सोडलं. दुसरं काळं, टणक, पाठीवर तीन उभ्या कडा असलेलं. ते चावलं नाही. ते राहिलं. त्याचं नाव आम्ही बादशा ठेवलं.

बादशाचा मुक्काम मागच्या अंगणात, वाळू कालवायच्या जुन्या घमेल्यात. त्याला काय खायला द्यायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भाकरीचा कुस्करा, टोमॅटो, गांडुळं, केळ्याचं साल, जे हाताला येईल ते. टोमॅटो त्याला फार आवडायचा. खाताना तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लाल पाणी गळायचं आणि आम्ही पान खाल्लेला नवाब म्हणून हसायचो. दिवसा ते दगडासारखं पडून असायचं. रात्री जागं व्हायचं आणि पत्र्यावर नखं घासत गोल गोल फिरायचं. खर्र, खर्र. तो आवाज ऐकत मी झोपायचे. ते खेळतंय असं मला वाटायचं. ते बाहेरची वाट शोधत होतं हे कळायला मोठं व्हावं लागलं.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी अब्बांच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. उजवी बाजू गेली होती. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मिरजेला न्या. मिरज म्हणजे आमच्याकडं दवाखान्यांचं गाव. नेलंही, पण पंधरा दिवसांत पैसे संपले आणि आम्ही अब्बांना घरी आणलं. अम्मी रात्री उशिरापर्यंत मशीन चालवायची. घरात एक वाक्य हळूहळू फिरू लागलं, जून लागला की भाईनं दुसऱ्या मशिनीवर बसायचं. त्याची आठवी झाली होती. त्याला कुणी थेट सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

अशात एक माणूस मोटरसायकलवरून आला. अंगात सफारी, हातात चार अंगठ्या. शर्टाचं माप द्यायला आलोय म्हणाला, पण माप दिलं नाही. "तुमच्याकडं काळं कासव हाय म्हणं?" भाईनं घमेलं दाखवलं. त्यानं बादशाला उचललं, उलटसुलट केलं. पुढच्या पायांची नखं मोजली. पाच आणि पाच. मागचे पाय बादशानं आत ओढून घेतले होते. माणसानं बोटानं ओढून पाहिले, येईनात.

"वीस नखी दिसतंय," तो म्हणाला. "जपून ठेवा. पळू देऊ नका. येत्या गुरुवारी जाणकाराला घेऊन येतो. वीस निघाली तर पाच हजार."

वीस नखांचं कासव घेऊन पूजा मांडली की पैशाचा पाऊस पडतो, अशी ही समजूत. आता महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, २०१३ पासून. तरी अशा कासवांसकट पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्या अजून वाचते. पण तेव्हा आम्हाला पावसाशी देणंघेणं नव्हतं. पाच हजारांत अब्बांना पुन्हा मिरजेला नेता आलं असतं. अब्बांचा हात चालू लागला असता, मग दुसऱ्या मशिनीवर कुणी बसायची गरज पडली नसती. हा हिशोब भाईनं मला मोठ्यानं कधी सांगितला नाही, पण मला तो कळला होता. मी नऊ वर्षांची होते, तरी कळला होता.

त्या रात्री भाई कंदील घेऊन घमेल्यापाशी बसला. बादशा फिरू लागलं की मागचे पाय बाहेर येत. "एक, दोन, तीन, चार." दुसरा पाय. "एक, दोन, तीन, चार." परत पहिला. मी म्हटलं, "भाई, चारच आहेत." तो म्हणाला, "पाचवं आत असंल. लहान असंल. उगवायचं असंल अजून."

बहुतेक टणक पाठीच्या कासवांना पुढं पाच-पाच आणि मागं चार-चारच नखं असतात. मऊ पाठीच्याला तर प्रत्येक पायाला तीनच. आज मी शाळेत विज्ञान शिकवते, हे मला पाठ आहे. त्या रात्री मात्र मीसुद्धा पाचव्या नखासाठी दुआ मागितली होती.

पळू देऊ नका, असं तो सांगून गेला होता. बादशा दोनदा घमेल्याच्या काठावर चढलेलं आम्ही पाहिलं होतं. बुधवारी दुपारी अम्मी आणि दादी अब्बांची मालिश करत होत्या, तेव्हा भाईनं गोधडी शिवायचं दाभण चुलीत तापवलं. मला म्हणाला, "तू घट्ट धर."

मी धरलं. दोन्ही हातांनी, मांडीवर घेऊन. भाईनं पाठीच्या कडेला, शेपटीपासून जरा बाजूला, दाभण टेकवलं आणि फिरवायला लागला. केस जळाल्यासारखा वास आला. दाभण थंड झालं की परत चुलीत, परत कवचात. चार-पाच वेळा. बादशानं मान, पाय, शेपूट सगळं आत घेतलं होतं. आवाज काही नाही. फक्त माझ्या तळहातांना आतून एक बारीक थरथर लागत होती, मशीन चालू असताना टेबलाला हात लावला की लागते तशी. मी भाईला म्हटलं, "हलतंय." तो म्हणाला, "दगडाला काय दुखतंय? दुखलं असतं तर वरडलं असतं." मला ते पटलं. भोकातून पायजम्याची नाडी ओवली आणि बादशाला पेरूच्या झाडाला बांधलं.

संध्याकाळी दादीनं पाहिलं. तिनं आधी भाईच्या थोबाडीत मारली, मग माझ्या. मग नाडी कापली आणि भोकात हळद भरली, आमच्या खरचटलेल्या गुडघ्यांना भरायची तशीच. "बोलता नै तो क्या दुखता नै?" ती बडबडत होती. रात्री तिनं आम्हाला मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस सांगितली. तिनं मांजराला खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायला सोडलंही नाही. त्यापायी ती दोजखमध्ये गेली. मी रडले. भाई भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो एकच बोलला, "दादी, गुरुवारपर्यंत. उद्याचा दिवस फक्त."

गुरुवारी दोघं आले. जाणकार म्हणजे एक म्हातारा, चष्मेवाला. त्यानं बादशाला पाण्याच्या बादलीत सोडलं. पाय आपोआप बाहेर आले. त्यानं एकदाच मोजलं. "अठरा," म्हणाला आणि धोतराला हात पुसले. कडेचं भोक बघून वर म्हणाला, "वीस असती तरी खोटच धरली असती." अम्मीनं चहा ठेवला होता. न पिताच गेले.

मोटरसायकल वळणाआड गेल्यावर भाईनं बादशाला बादलीतून काढलं, टोपलीत ठेवलं आणि दादीला म्हणाला, "कुठं सोडायचं?"

तात्यांच्या मळ्यातल्या विहिरीत सोडायचं ठरलं. विहिरीत कासव असलं की पाणी साफ राहतं असं सगळेच म्हणायचे, म्हणून तात्या खूश होते. देवळात गाभाऱ्यापुढं दगडाचं कासव असतं, आपल्या विहिरीत जितं आलं म्हणाले. काकू हळदकुंकू घेऊनच आल्या होत्या. बादशाच्या पाठीवर त्यांनी बोट टेकवलं. दादीनं बिस्मिल्ला म्हटलं. हळद भोकात आमचीही होतीच. "चाची, आता हे दोन्हीकडचं झालं," तात्या हसले. पायऱ्या उतरून भाईनं त्याला पाण्यात ठेवलं. बादशा एकदाही न थांबता खाली गेलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी चौथीत गेले. भाई मशिनीवर बसला. अब्बा पुढं सात वर्षं जगले, हात काही परत आला नाही. भाईच्या शिलाईवर घर चाललं, माझं कॉलेज झालं, लग्न झालं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत सरांनी कासवाचा सांगाडा उलटा करून दाखवला. कवचाच्या आतल्या बाजूला मधोमध पाठीचा कणा होता, त्याला चिकटून बरगड्या. कवच हे घर नव्हे, कासवाचं हाडच आहे, सर सांगत होते. जिवंत हाड. त्याला रक्त पोहोचतं, चेतातंतू पोहोचतात. कडेला बोट लावलं तरी त्याला कळतं. बाकीच्या मुली वहीत आकृती काढत होत्या. माझ्या तळहातांना ती बारीक थरथर परत लागली. सुट्टीत गावी गेले तेव्हा भाईला हे सांगायचं ठरवलं होतं. तो माझ्या फीचे पैसे मोजून पाकिटात घालत होता. नाही सांगितलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली. रस्ते बंद, फोन बंद. पाणी ओसरल्यावर मी पोचले तर भाईच्या दुकानात गुडघाभर गाळ होता. गिऱ्हाइकांचे कपडे त्यात एकजीव झाले होते. आम्ही दारात बसून मशिनी धूत होतो. भाई एका दाभणानं बॉबिनच्या खोबणीतला चिखल उकरत होता. मध्येच थांबला.

"तात्यांच्या विहिरीवरनं पण पाणी गेलं या वेळेला," तो म्हणाला.

"ऐकलं."

"ते असलं तर गेलं असंल नदीला."

"असेल. फार जगतात ती."

तो दाभणाकडं बघत होता. "बेबी, तू शिकवतीस ते. त्याला तवा दुखलं असंल का गं?"

एकोणतीस वर्षं झाली होती. खोटं बोलणं सोपं होतं. चिखलात बसलेल्या, दुकान गेलेल्या माणसाला कोण खरं सांगतं? पण त्यानं विचारलं होतं.

"हो भाई," मी म्हटलं. "दुखलं असणार. हाड असतं ते."

त्यानं मान हलवली. मलाही त्याला तसंच एक विचारायचं होतं, त्या वर्षीच्या जूनबद्दल. तोंडापर्यंत आलं आणि राहिलं. भाई पुन्हा खोबण उकरायला लागला होता.

"रॉकेलचा डबा सरकव इकडं," तो म्हणाला. "हे असं निघायचं नाही."